शाळेतील औषधोपचार आणि हिशेबाचे यंत्र



आजचा विषय वरवर रुक्ष आहे. शाळेत मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचे बिल सरकारी विम्याकडे पाठविण्यासाठी जी संगणक-यंत्रणा लागते, तिचा खर्च कोणी सोसावा, हा तो प्रश्न. प्रश्न अमेरिकेतला आहे. परंतु लोकहिताचा कायदा हिशेबाच्या वहीपाशी कसा अडतो, याचे इतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. म्हणून तो आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले.

प्रथम कायद्याची हकीकत. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी वाटून घ्यावा, हे त्याचे सूत्र. १९७५ साली दुसरा कायदा आला. अपंग मुलाला शाळेने नाकारता कामा नये; त्याच्यासाठी स्वतंत्र शिक्षण-आराखडा करावा आणि शिकण्यासाठी लागणारे वाचोपचार, भौतिकोपचार वगैरे विनामूल्य द्यावेत, असे त्याने ठरविले. जादा खर्चापोटी ४० टक्क्यांपर्यंत मदत केंद्राने देण्याची त्यात योजना होती. तो आकडा आजतागायत गाठला गेलेला नाही. शाळांची ओढाताण सुरू झाली. तेव्हा १९८८ साली काँग्रेसने स्पष्ट केले की, मूल पात्र असेल तर आराखड्यातील आरोग्यसेवेचे पैसे मेडिकेडकडून घेता येतील. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने नियम सैल केला आणि असा आराखडा नसलेल्या पात्र मुलांच्या सेवांसाठीही वाट मोकळी झाली.

अधिकार मिळाला; पैसे मिळाले काय? येथेच घोडे पेंड खाते.

एखाद्या अडखळत बोलणाऱ्या मुलाला वाचोपचारतज्ज्ञाने अर्धा तास शिकविले, असे समजा. त्या अर्ध्या तासाचे पैसे हवे असतील, तर तारीख, वेळ, सेवेचा प्रकार, ती देणाऱ्याची पात्रता, आराखड्यातील आधार, मूल त्या दिवशी मेडिकेडवर होते याची खातरजमा आणि पालकांची लेखी संमती, एवढ्या गोष्टी जुळल्या पाहिजेत. रुग्णालयात याच कामासाठी कारकुनांचे खाते असते. शाळेत असतात शिक्षक! म्हणून यंत्र हवे. आणि यंत्राला पैसा हवा.

आता केंद्राच्या मदतीची तऱ्हा पाहा. १९७२ च्या दुरुस्तीपासून राज्याने मेडिकेडच्या दाव्यांची मध्यवर्ती संगणक-यंत्रणा उभारली, तर तिच्या खर्चाचे ९० टक्के आणि चालविण्याचे ७५ टक्के केंद्र देते. सर्वसाधारण प्रशासनखर्चाला मात्र ५० टक्केच. म्हणजे दावा जिथे मंजूर होतो त्या राजधानीतील यंत्रावर केंद्राची उदार कृपा. आणि दावा जिथे जन्माला येतो त्या शाळेच्या टेबलाची उपेक्षा. शिवाय ही मदत खर्च झाल्यावर मिळते. ज्याच्या गाठीला आधी खर्च करण्याइतके पैसे नाहीत, त्याने काय करावे?

त्याने दलाल गाठला. 'तुमचे दावे आम्ही भरतो. मिळेल त्यात आमचा वाटा', असे सांगणारे व्यवसायी पुढे आले. संसदेच्या हिशेब-तपासणी कचेरीने २००० साली याची झडती घेतली. दलालांचा वाटा ३ ते २५ टक्के असे. काही राज्ये तर केंद्राकडून आलेल्या पैशातील ८५ टक्क्यांपर्यंत भाग स्वतःकडेच ठेवीत. परिणाम असा की, काही ठिकाणी १०० डॉलरच्या रास्त मागणीपैकी शाळेच्या पदरात साडेसात डॉलर पडत. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपण ऐकली आहे. येथे मसालेवाल्यांनी कोंबडीही नेली!

आणि ज्याला वाटा मिळायचा, त्याला मागणी फुगविण्याचा मोह होणारच. हा दोष माणसाच्या स्वभावापेक्षा कराराच्या रचनेत अधिक आहे.

न्यूयॉर्कचा अनुभव दुहेरी आहे. शाळेतील वाचोपचार व वाहतूक यांच्या बिलांना पुरेशा नोंदींचा आधार नव्हता, या आरोपावरून २००९ साली राज्य व शहर यांनी मिळून ५४ कोटी डॉलरची तडजोड केली. नोंदी नीट राहाव्यात म्हणून शहराने सुमारे १३ कोटी डॉलर खर्चून नवी संगणक-यंत्रणा घेतली. ती इतकी कटकटीची निघाली की, शाळेच्या वेळेबाहेर बसून माहिती भरणाऱ्या शिक्षकांना लवादाच्या २०१३ च्या निर्णयाप्रमाणे कोट्यवधी डॉलर द्यावे लागले. २०१६ साली शहराच्या तेव्हाच्या लोकाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी न्यायालयात तक्रार नेली: या सदोष यंत्रणेपायी २०१२ ते २०१४ या काळात मेडिकेडचे ३५ कोटी ६० लाख डॉलर शहराला गमवावे लागले. हा त्यांचा दावा होता. न्यायनिवाडा म्हणून आम्ही तो सांगत नाही. पण वही नसली तर दंड आणि वही वाईट असली तर बुडीत, ही दोन्ही टोके एकाच शहराने पाहिली.

यावरून कोणी म्हणेल की, तपासणीच सैल करा. आम्हांला ते मान्य नाही. पैसा लोकांचा आहे. त्याची नोंद हवीच. आमचे म्हणणे एवढेच की, जो नोंद मागतो त्याने नोंदीचा खर्चही द्यावा. राज्याने एक चांगली यंत्रणा करून लहानमोठ्या सर्व शाळांना वापरू द्यावी. मेहनतान्याचा दर कामावर ठरवावा, वसुलीच्या टक्क्यांवर नव्हे. आणि यंत्र विकत घेण्यापूर्वी ते शिक्षिकेच्या व परिचारिकेच्या हाती देऊन पाहावे. २०२२ च्या एका कायद्याने शाळांतील या सेवांसाठी राज्यांना ५ कोटी डॉलरची अनुदाने ठेवली आणि मे २०२३ च्या मार्गदर्शिकेने कागदपत्रांचा भार हलका करण्याचे काही मार्ग दाखविले. दिशा बरोबर आहे. एवढ्या विस्तीर्ण देशाला ती रक्कम मात्र तुटपुंजी आहे.

श्रोतेहो, कल्याणकारी कायद्याचे मोजमाप आपण त्याच्या उद्देशपत्रिकेवरून करतो. ते त्याच्या शेवटच्या फॉर्मावरून करावे. तो भरण्यात शिक्षिकेची जी दहा मिनिटे जातात, ती त्या अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या अर्ध्या तासातूनच कापली जातात. ती त्याला परत मिळवून देणे, हाच या यंत्रावरील खर्चाचा खरा हेतू असला पाहिजे.