कोरडवाहू पिकांच्या मुळांतील बुरशी

ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा या कोरडवाहू पिकांच्या बारीक मुळांत एक बुरशी वस्तीला असते. नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही. मुळे कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात तापवून पारदर्शक केली आणि त्यांना निळा रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशींमध्ये इवल्या झुडपांसारखे फाटे दिसू लागतात. देवघेव होते ती इथेच. पिकाने पानांत तयार केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला मिळतात. बदल्यात ती मुख्यतः स्फुरद आणि थोडेफार जस्त देते. असे एक झुडूप काही दिवसच टिकते, मग विरून जाते आणि शेजारच्या पेशीत दुसरे फुटते. मुळे आणि बुरशी यांच्या अशा सहजीवनाला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. सहजीवन मात्र फार जुने आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही झुडपे आढळली आहेत.

अवर्षणात या बुरशीचा उपयोग कसा होतो, हे समजायला आधी स्फुरदाचा स्वभाव पाहावा लागतो. तो मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटरमधला साठा संपला की पलीकडचा आपण होऊन लवकर येत नाही. माती वाळू लागली की कणांभोवतीचा पाण्याचा थर पातळ होतो आणि ही हालचाल आणखी मंदावते. पावसाने ताण दिला की पिकाला तहानेबरोबर उपासही घडतो तो असा. बुरशीचे तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतात. मुळांना शिरता येत नाही अशा छिद्रांत ते जातात आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर पोचतात.

तंतू पाणीही आणतात का, यावर बरीच वर्षे वाद होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रानटी ओटची मुळे आणि ओली माती यांच्यामध्ये हवेची फट ठेवली होती. मुळांना ती ओलांडता येत नव्हती, तंतूंना येत होती. खूण केलेले पाणी त्या तंतूंच्या वाटेने रोपापर्यंत पोचले. तरीही बुरशीला पाणी पुरवणारी नळयोजना समजणे अतिशयोक्तीचे ठरेल. पोसलेले, मुळे पसरलेले पीक ताण अधिक सोसते, हा तिचा मोठा हातभार आहे. शिवाय तंतूंच्या जाळ्याने मातीचे कण बांधले जातात, त्यामुळे पडलेला पाऊस चांगला मुरतो.

या बुरशीला बोलावणारे रसायन मुळेच सोडतात, विशेषतः स्फुरद कमी पडला की. दुर्दैवाने ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बीही त्याच हाकेला उगवते. मुळांत बुरशी चांगली रुजली की पीक हे रसायन कमी सोडते, हा आणखी एक फायदा.

जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनी वर्षाहून अधिक काळ पडीक ठेवल्यावर पुढच्या सूर्यफुलात आणि जवसात स्फुरदाची कमतरता दिसली. ओल साठली होती, पण मुळांत बुरशी कमी झाली होती. सोलापूरकडे रब्बी ज्वारीसाठी रान खरिपात मोकळे ठेवतात. तो काळ काही महिन्यांचाच असतो, पण ओल आणि बुरशी यांतला पेच तिथेही तोच आहे. वारंवारच्या नांगरटीने तंतूंचे जाळे तुटते. मोहरी, कोबी, पालक या पिकांच्या मुळांत ही बुरशी वस्तीच करीत नाही, आणि स्फुरदयुक्त खताचा मारा झाला की पिकालाच तिची गरज उरत नाही. त्यामुळे बाजारातले मायकोरायझा खत सगळीकडे सारखे लागू पडत नाही. ज्या रानात स्फुरद कमी आहे आणि मूळची बुरशीही घटली आहे, तिथेच त्याचा गुण दिसण्याची शक्यता जास्त. तेही ते बियाण्याजवळ, कोवळे मूळ लगेच पोचेल अशा जागी पडले तर.