कार्ल्याच्या पाषाणातील 'घर'



लोणावळ्याला येणारा प्रवासी धबधबे पाहतो, चिक्की घेतो आणि वेळ उरलाच तर कार्ल्याच्या लेण्यांच्या पायऱ्या चढतो. तेथील चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतील एक प्राकृत लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीने हे लेणे सिद्धीस नेले, असे तो सांगतो. मात्र लेखात 'श्रेष्ठी' नाही, 'सेठि' आहे. 'शैलगृह' नाही, 'सेलघर' आहे. मावळातील शेतकरी आज जो 'घर' शब्द उच्चारतो, तो तेथे पाषाणात कोरलेला आहे.

केवळ शुद्धाशुद्ध पाहणारा याला अपभ्रष्ट म्हणेल. ध्वनिशास्त्रज्ञ मात्र विचारतो : जीभ कोठे टेकली? श्वास कोठे अडला? हा प्रश्न या भूमीला नवा नाही. प्रातिशाख्यांनी आणि शिक्षाग्रंथांनी कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ ही उच्चारस्थाने सांगितली. 'क' पासून 'म' पर्यंतचे पाच वर्ग आजही बालके त्याच क्रमाने म्हणतात. अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी १८६२ साली अथर्ववेदाचे प्रातिशाख्य भाषांतरासह प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य विद्वानांनाही या सूक्ष्मतेचा परिचय घडला.

या शास्त्राने मराठीचाही एक नियम उलगडला आहे. 'इ' किंवा 'ए' उच्चारताना जीभ टाळूकडे उचलली जाते. त्यामुळे त्यापूर्वीचा 'स' मराठीत 'श' होतो. 'सीमा'ची 'शीव' झाली, 'सेठि'चा 'शेठ' झाला. गावची शीव म्हणणारा निरक्षर वृद्ध चुकत नाही. तो शतकांचा नियम पाळतो. 'चार' आणि 'चारा' यांतील दोन भिन्न 'च' लिपी दाखवत नाही. ते केवळ मुखातून कानाकडे, पिढीकडून पिढीकडे जातात.

म्हणूनच चिंता आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा लाभला. पण गावाकडच्या बोलीला हसणारी घरे कमी झाली नाहीत. हसू झाले की मूल गप्प होते आणि बोली एका पिढीत मुकी होते. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठी बोलींचे सर्वेक्षण ग्रंथबद्ध केले; पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही अलीकडे बोलींचे ध्वनिमुद्रण केले. परंतु प्रत्येक उंबऱ्यापर्यंत संशोधक पोहोचणार नाही. आजीच्या ओव्या, शेतीचे शब्द, गावांची नावे तिच्याच आवाजात नोंदवून ठेवणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. भूतपालाने बोलीला पाषाण दिला. आपण निदान कान द्यावा.