शॉकअपची खाच, चेनची ढील

सिरसाळ्याहून परळीला डांबरी सडकेनं एकट्यानं जाणं वेगळं आणि मागं खताचं पोतं बांधून काळ्या रानातल्या गाडीवाटेनं जाणं वेगळं. मोटरसायकल मात्र तीच! पोतं लादताना मागच्या शॉकअपचं कडं हुकपान्यानं एक-दोन खाचा फिरवून स्प्रिंग आवळा, दोन्हीकडे सारखंच. उतरवल्यावर मागं घ्या, नाहीतर कंबर आठवण करून देते.

चेन तारेसारखी ताणू नका. खड्ड्यात शॉकअप दबला की ती आणखी ताणते. मधोमध बोटानं हलवली तर साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलावी. नेमकं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं.

ओढ कमी पडते? पुढं 14 दाते असताना मागचं स्प्रॉकेट 42 ऐवजी 44 दात्यांचं बसवलं, तर ओढ जवळपास पाच टक्क्यांनी वाढते. सडकेवर मात्र त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं.