अशोक खरा कोणता?



सुट्टीहून परतताना आपल्या बॅगेत काय काय येतं! मेतकूट, गोडा मसाला, आणि कुठल्यातरी मावशीनं आग्रहानं दिलेली एखादी पुडी. "अशोकाची साल आहे गं, बायकांच्या तक्रारींवर चांगली." पण ती साल खरंच अशोकाची आहे का, हे कळणार कसं?

प्रश्न उगाच नाही. सोसायटीच्या फाटकाशी जो उंच, सरळसोट, लहरदार कडांच्या पानांचा 'अशोक' पाहत आपण मोठे झालो, तो आयुर्वेदातला अशोक नव्हेच. खरा, म्हणजे सीतेचा अशोक, बेताच्या उंचीचा आणि केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. रानातून तो कमी होत चालला आहे. मग त्याच्या नावावर त्या दुसऱ्या झाडाची साल बाजारात खपते. झाड समोर उभं असेल तर लहान मूलही फरक सांगेल. पूड झाली की मात्र पान नाही, फूल नाही, नुसतं तपकिरी चूर्ण.

इथे मदतीला येतात हरितलवकं. पानाला हिरवा रंग देणारे, उन्हावर अन्न शिजवणारे पेशीतले हे कारखाने. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, साधारण दीड लाख अक्षरांचा. एकेका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून चिमूटभर नमुनाही पुरू शकतो. साल हिरवी नसली तरी तिच्या पेशींतल्या लवकांत हाच डीएनए असतो.

त्यातली दोन जनुकं शास्त्रज्ञांच्या विशेष कामाची: आरबीसीएल आणि मॅटके. आरबीसीएल फार सावकाश बदलतं, मॅटके त्यामानानं लवकर. एकावरून घराणं कळतं, दुसऱ्यामुळे ओळख आणखी नेमकी होते. २००९ साली वनस्पतींचा बारकोड म्हणून याच जोडीची शिफारस झाली. आपल्या दोन अशोकांची घराणी तर अगदी निराळी. सीतेचा अशोक चिंचेच्या गोतावळ्यातला, आणि फाटकावरचा अशोक चक्क सीताफळाच्या! त्यामुळे इथे जनुकांची गल्लत होत नाही. मात्र साल उकळून काढा केला असेल, तर डीएनएचे तुकडे होतात आणि तपासणी अवघड जाते.

हीच जनुकं जुनी नातीही उलगडतात. १९९३ मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ५०० वनस्पतींचं आरबीसीएल ताडून पाहिलं. आपलं कमळ आणि कुमुदिनी दोन्ही पाण्यात फुलणारी, म्हणून सख्ख्या बहिणी वाटतात. पण कमळाचं नातं निघालं प्लेन वृक्षांशी! लंडनच्या रस्त्यांवर सालीचे पापुद्रे टाकत उभी असलेली ती झाडं पाहिलीत ना? तेच कमळाचे भाऊबंद. पाण्यात राहून रूप सारखं झालं, रक्त मात्र वेगळं.

एक मर्यादाही सांगायला हवी. बहुतेक फुलझाडांत हरितलवकं आईकडूनच येतात. लंडनचा प्लेन दोन जातींचा संकर आहे. अशा झाडाची हरितलवकं आईचं घर सांगतात, बापाबद्दल मौन. त्यासाठी पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचावा लागतो.

आणि ही तपासणी झाड कोणतं ते सांगते. औषध किती घ्यावं, आपल्याला चालेल का, हे नाही. तेव्हा मावशीची पुडी प्रेमानं ठेवा, पण पोटात घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या भारतवारीत मुलांना दोन्ही अशोकांपाशी जरूर न्या. त्यांनाच विचारा, यातला चिंचेचा नातेवाईक कोणता?