तिघांचा मेळ

पाश्चात्य वाद्यवृंदाचें नांव निघालें म्हणजे साठ-सत्तर वादकांचा ताफा डोळ्यांपुढें उभा राहतो. आजच्या भाषणाचा विषय मात्र अवघ्या तीन वादकांचा मेळ हा आहे. वयाचीं पन्नास वर्षें पुरीं झालीं त्याच वर्षीं असा मेळ नव्यानें उभारणाऱ्या एका गिटारवादकाची ही हकीकत होय.

ब्लूज हें संगीत अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या दुःखांतून जन्मास आलें. त्याची बांधणी साधी असते. बारा लहान खंडांचें एक आवर्तन आणि त्यांत बहुधा तीनच स्वरसंघांची फेरपालट. १९६० नंतर इंग्लंडमधील तरुणांनीं तेंच विजेच्या गिटारीवर व जोरकस ढोलांच्या साथीनें वाजविण्यास आरंभ केला. त्यास ब्लूज रॉक म्हणतात. १९६६ सालीं लंडन येथें एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस व जिंजर बेकर यांचें ‘क्रीम’ हें त्रिकूट निघालें. त्याच वर्षीं, त्याच शहरीं जिमी हेंड्रिक्सचेंही त्रिकूट उभें राहिलें.

त्रिकूट वाजविणें सर्वांत अवघड कां? ढोलवाला लय सांभाळतो, खर्जाची गिटार पाया धरते. उरलेला सारा भार एकट्या गिटारीवर. आपल्या मैफलींत तंबोरा अखंड वाजत असतो, म्हणून गवई श्वासासाठीं थांबला तरी स्वर तुटत नाहीं. येथें तंबोरा नाहीं. मोठ्या मेळांत एकाची चूक दुसऱ्याच्या आवाजाखालीं झांकली जाते. तिघांत ती उघडी पडते.

गॅरी मूर याचा जन्म १९५२ सालीं बेलफास्ट येथें झाला. तो जात्या डावखोरा. परंतु गिटार शिकला ती उजव्या हातानें. कोवळ्या वयांतच तो डब्लिनला जाऊन ‘स्किड रो’ या मेळांत वाजवूं लागला. पीटर ग्रीन या थोर वादकानें आपली गिटार त्याला अल्प मोलांत दिली, ती त्यानें २००६ पर्यंत जवळ बाळगली. १९९० सालच्या ‘स्टिल गॉट द ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेनें त्याचें नांव सर्वतोमुखीं केलें. १९९४ त तो ब्रूस व बेकर यांच्यासमवेत उभा राहिला, तेव्हां क्लॅप्टनच्या रिकाम्या जागीं बसलेला, असेंच त्याच्याकडे पाहिलें गेलें. एक ध्वनिमुद्रिका निघाली आणि तें त्रिकूट विस्कळित झालें.

अशा अनुभवानंतर कोणी पुन्हां त्या वाटेस गेला नसता. मूर गेला. २००२ सालीं त्यानें ‘स्कंक अनान्सी’ या मेळांतील कॅस लुईस खर्जाच्या गिटारीस आणि ‘प्रायमल स्क्रीम’मधील डॅरिन मूनी ढोलास घेतला. दोघेही त्याच्याहून तरुण, आणि दोघेही ब्लूजच्या नव्हे, रॉकच्या आखाड्यांतले. त्रिकुटाचें नांव ‘स्कार्स’, म्हणजे व्रण. त्याच नांवाच्या ध्वनिमुद्रिकेंत जुन्या लोकप्रिय गीतांचा आधार घेतलेला नाहीं. हेंड्रिक्सची छाया तींत जागोजाग जाणवते हें खरें. परंतु तिघेही एकमेकांस रेटा देत वाजवितात, कोणी कोणाची पालखी वाहत नाहीं.

हा मेळही अल्पायुषीच ठरला. २००४ च्या ध्वनिमुद्रिकेंत लुईस नाहीं. मूनी मात्र आहे. २०११ च्या फेब्रुवारींत स्पेनमध्यें मूरचें निधन झालें.

मग या खटाटोपाचें फल काय? कीर्ति हीही एक प्रकारचा तंबोराच असते. ती मागें घुमत राहते, आणि वादक थांबला तरी लोक टाळ्या देतात. पन्नाशीच्या मूरपाशीं ती विपुल होती. तरीही जेथें प्रत्येक थांबणें ऐकूं जातें, अशा जागीं तो आपण होऊन जाऊन उभा राहिला. मेळ टिकला नाहीं. पण ज्याचा हात पन्नाशींतही परीक्षेस बसावयास भीत नाहीं, त्याची विद्या जुनी झाली असें कोण म्हणेल?