ऑपरेशनच्या आधी भेटायची माणसं

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, जिला दवाखान्यात बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात, ती आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथेही ती होते, आणि अटी पूर्ण होत असतील तर आरोग्य विम्यातून खर्चही मिळू शकतो. वय किमान १८, इतर उपाय करून झालेले, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त; अथवा बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, अशा त्या अटी आहेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ९० किलोच्या आसपास गेलं की बीएमआय ३५ होतो. आशियाई लोकांना तुलनेनं कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ साली या शाखेतल्या शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा असं सुचवलं. एकदा ऑपरेशन ठरलं की तयारीची यादी हातात पडते. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाची तपासणी, भूलतज्ज्ञांची आणि आहारतज्ज्ञांची भेट. या यादीत एक गोष्ट बहुतेक वेळा नसते, आणि ती असायलाच हवी, असं मला आज मांडायचं आहे. ज्यांचं हे ऑपरेशन दोन, पाच, दहा वर्षांपूर्वी झालंय अशा माणसांशी ओळख करून घेणं, ही ती गोष्ट. आणि ही ओळख ऑपरेशनच्या आधी व्हावी.

असं म्हणण्यामागचं पहिलं कारण लाज हे आहे. हे ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाची पळवाट, तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती, असं अजूनही सर्रास बोललं जातं. शरीरशास्त्र याला दुजोरा देत नाही. उपासमार करून वजन उतरवलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात, शरीर ऊर्जा कमी खर्च करू लागतं, आणि हा परिणाम काही आठवड्यांत ओसरत नाही. म्हणून तर डाएट करून उतरलेले किलो इतक्या लोकांच्या अंगावर परत येतात. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढला जातो, आणि भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची तुलना तशाच, पण शस्त्रक्रिया न झालेल्या सुमारे दोन हजार लोकांशी केली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, वय आणि इतर धोके हिशेबात धरून, शस्त्रक्रिया झालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळलं. अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या २००९ सालच्या अहवालात ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. धोका शून्य नाही, पण हा उपचार आहे. पळवाट म्हणण्यासारखं त्यात काही नाही. तरीही लोकांचे टोमणे कानावर पडून पडून रुग्ण स्वतःलाच गुन्हेगार समजू लागतो, आणि गुपचूप दाखल होऊन गुपचूप घरी येतो. पुढच्या पुष्कळ अडचणींचं मूळ या गुपचूपपणात आहे.

आता तयारीकडे बघा. ऑपरेशनच्या साधारण दोन आठवडे आधीपासून फार कमी उष्मांकांचा, पुष्कळदा निव्वळ पातळ आहार दिला जातो. पोटातल्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. लठ्ठपणात यकृतात चरबी साठून ते फुगतं, आणि दुर्बिणीतून काम करताना तेच आड येतं. या आहारानं ते आकसतं आणि शल्यचिकित्सकाला जागा मिळते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर या काळात त्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. तंबाखू, सिगारेट, आणि आपल्याकडे कित्येक बायका ज्याला व्यसन म्हणायलाही तयार नसतात ती मिश्री, हे सगळं किमान सहा आठवडे आधी थांबवायला हवं, कारण निकोटिनमुळे टाके भरून येण्यात अडथळा येतो. शाकाहारी माणसांमध्ये बी-१२ आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. ते, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून आधी भरून काढावं लागतं, कारण ऑपरेशननंतर ही घट वाढते आणि गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. मुलाचा विचार करणाऱ्या स्त्रीला पुढचे बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. हे सगळं डॉक्टर सांगतात, आणि ते त्यांनीच सांगायला हवं.

पण कागदावर 'पातळ आहार' लिहिलेला असतो तेव्हा घरात चार माणसांचा स्वयंपाक पुष्कळदा ऑपरेशन होणाऱ्या बाईलाच करायचा असतो. फोडणीचा वास घेत, पोळ्या लाटत दोन आठवडे ताकावर आणि डाळीच्या पाण्यावर कसे काढायचे, हे कुठल्याच अहवालात सापडत नाही. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत असं सांगतात. एका अंड्यात ती सुमारे सहा ग्रॅम असतात. जठर वाटीभरही अन्न घेत नसताना, आणि घरात अंडं चालत नसताना, पनीर, दही, मूग, सोयाबीन आणि प्रथिनांची पावडर यांची दिवसभरात कशी वाटणी करायची, हे ज्यानं केलं आहे तोच नेमकं सांगू शकतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. घास बारीक चावायचा, नाहीतर छातीत अडकल्यासारखं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, आणि बहुतेकांचे ते पुन्हा येतात. जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं जिलबी किंवा श्रीखंड खाल्लं तर थोड्याच वेळात घाम, धडधड आणि जुलाब सुरू होऊ शकतात. यातली प्रत्येक गोष्ट आधी ऐकलेली असली की ती घडल्यावर माणूस घाबरून जात नाही. आणि आपल्याकडची सगळ्यात अवघड जागा म्हणजे पंगत. आग्रह हे आपल्या समाजात प्रेमाचं माप आहे. दोन चमच्यांत पोट भरलेल्या माणसानं ताटावर हात आडवा धरला की यजमान दुखावतो, सासूबाई काळजीत पडतात, आणि कुणीतरी 'काय झालंय तुला?' असं विचारतंच. तिथे काय उत्तर द्यायचं, हे तज्ज्ञ शिकवत नाहीत.

तरी ही ओळख आधीच का हवी, नंतर गरज पडेल तेव्हा का नको, असा प्रश्न राहतो. मला वाटतं, सगळा मुद्दा इथेच आहे. पहिलं वर्ष-दीड वर्ष बहुतेकांचं चांगलं जातं. या क्षेत्रातली माणसं त्याला हनिमून पिरियडच म्हणतात. भूक कमी असते, काटा दर आठवड्याला खाली सरकतो, लोक कौतुक करतात, आणि आधाराची गरज वाटत नाही. नंतर जठर थोडं सैलावतं, भूक परत येते. त्याच स्वीडिश अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. पंचवीस टक्के हीसुद्धा मोठी घट आहे, आणि हा आकडा ऑपरेशनच्या आधी माहीत असेल तर चार किलो वाढल्यावर आभाळ कोसळत नाही. अडचण केवळ वजनाची नसते. २०१२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दारूच्या विकाराचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी ते वाढलं नाही, दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्क्यांवर गेलं. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्यानं चढते, हे त्याचं एक कारण. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत सुमारे दीडपट झालेलं दिसलं. आकडा लहान आहे, वर्षाला हजारी तीन-चार, पण यातले बहुतेक प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले होते. म्हणजे संकट येतं ते सगळे सत्कार संपल्यावर. आणि नेमक्या त्याच वेळी माणूस डॉक्टरांकडे जाणं सोडतो, कारण वाढलेलं वजन दाखवायची लाज वाटते. अशा मनःस्थितीत कुणी अनोळखी माणसांच्या गटात नव्यानं पाऊल टाकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तेव्हा फोन केला जाईल तो आधीपासून ओळखीच्या, आपल्यासारख्याच माणसाला. ती ओळख उमेदीच्या काळातच व्हायला हवी. तुमच्यापैकी कुणाच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आधारगटाला नियमित जाणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. पण जे जातात ते मुळातच जिद्दीचे असतील, आणि जिद्दीचं श्रेय गटाला मिळत असेल. हे नाकारता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास महत्त्वाचे ठरतात. २०१२ सालच्या अशा एका अभ्यासात स्पॅनिशभाषक वारशाच्या १४४ अमेरिकी रुग्णांना बायपासनंतर सहा महिन्यांनी दोन गटांत विभागलं. एका गटाला आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली लहान-लहान बैठका मिळाल्या, दुसऱ्याला फक्त छापील सूचना. वर्ष पूर्ण होताना पहिल्या गटाचं जादा वजन सुमारे ८० टक्के उतरलं होतं, दुसऱ्याचं ६४ टक्के. यात तज्ज्ञांचा वाटा किती आणि सोबत बसलेल्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण एकत्र बसण्याचा फायदा निव्वळ जिद्दी माणसं निवडली गेल्यामुळे दिसतो, हा संशय त्यानं बराच कमी होतो. आणि वजनाचे आकडे बाजूला ठेवले तरी, पहिल्या उलटीला घाबरून न जाणं, लग्नाच्या पंगतीत न रडणं, यांचं मोल काट्यावर मोजलं जात नाही.

दुसरा आक्षेप चुकीच्या सल्ल्याचा. एकानं गोळ्या सोडल्या आणि त्याला काही झालं नाही, म्हणून दुसऱ्यानं सोडल्या, असं होऊ शकतं. जीवनसत्त्वं बंद केल्याचे परिणाम दोन-तीन वर्षांनी, हातापायांच्या मुंग्यांतून आणि रक्तक्षयातून दिसतात. सतत उलट्या होत असताना 'मलाही व्हायच्या, थांबतील' हा दिलासा तर धोक्याचा आहे, कारण थायमिन कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. पण माणसं बोलतातच. कुणाच्या देखरेखीत बोलतात, एवढंच आपल्या हातात असतं. गटाशी रुग्णालयातला आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक जोडलेला असावा, आणि औषध, उलटी, ताप, पोटदुखी यांबद्दलचं उत्तर गटात द्यायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला असावा.

राहिला खाजगीपणाचा प्रश्न. लग्नाच्या मुलीचं ऑपरेशन चार लोकांत कशाला सांगायचं, असं आईवडील म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण महाराष्ट्रानं याहून अवघड गाठी सोडवल्या आहेत. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यानं आलेल्यांना हात देतात, आणि घरच्यांसाठीही गट चालतात. मुंबईतल्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाचं काम पोटावर पिशवी लावावी लागलेल्या रुग्णांनी तशाच रुग्णांना धीर देण्यावर उभं आहे. दारू आणि मलविसर्जन यांबद्दल बोलणं वजनाबद्दल बोलण्यापेक्षा सोपं असतं, असं कोण म्हणेल? नाव गुप्त ठेवून बोलायची सोय करता येते, ऐकलेलं बाहेर न नेण्याचा दंडक घालता येतो. इथेही तेच करता येईल, आणि सुरुवात दहा माणसांपासून करायची गरज नाही. एका बाईनं दुसऱ्या बाईशी फोनवर बोलणं पुरेसं आहे.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे हा विषयच जुना झाला, असंही कुणी म्हणेल. २०२५ साली टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड वजनासाठी भारतात आली, आणि चाचण्यांत त्यांनी सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरवलं आहे. चांगली औषधं आहेत. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात गमावलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं दिसलं. पंगत, लाज आणि दुसरं वर्ष त्या वाटेवरही आहेतच.

तेव्हा तारीख घेण्याआधी रुग्णालयाला विचारा की तुमच्याकडे जुन्या रुग्णांची बैठक होते का, आणि तिला ऑपरेशनआधी बसता येईल का. होत नसेल, किंवा गाव लांब असेल, तर दोन-तीन जुन्या रुग्णांशी, त्यांच्या संमतीनं, डॉक्टरांमार्फत फोनवर बोलणं करून घ्या. एक जण तुमच्यासारखंच जेवण असलेल्या घरातला असावा. जमलं तर जोडीदाराला किंवा आईला त्या बोलण्यात सामील करा, कारण ताट वाढणारा हात पुष्कळदा त्यांचा असतो. आणि ज्याचं वजन मध्येच पुन्हा वाढलं अशा निदान एका माणसाला भेटवा, असा आग्रह धरा. त्यानं ते किती महिने लपवलं, आधी कुणाला सांगितलं आणि नंतर काय केलं, हे तुम्हाला दुसरं कुणीही सांगू शकणार नाही.