दोन भाषांचे मानपत्र



दहावीपर्यंत कन्नडमध्ये उत्तम शिक्षण घेऊन त्याबरोबर मराठीचे लेखन-वाचनही ज्यांनी साध्य केले, अशा मुलामुलींचा गौरव करण्यासाठी आपण आज बंगळुरात जमलो आहोत. कन्नडमधून मराठीत अनुवाद करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे. म्हणूनच मला हे निमंत्रण मिळाले असावे. अभिनंदन तर मनापासून करावयाचेच आहे. परंतु आपण नेमका कशाचा गौरव करीत आहोत, याचाही थोडा विचार व्हावा, असे मला वाटते.

या नगराला भाषांची परीक्षा नवी नाही. १६३८ मध्ये बंगळुरू विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला. आपल्याला बारा भाषांत कवित्व करता येते, हे सुचविण्यासाठी जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले, अशी हकीकत आहे. नारळ ही झाली प्रतिज्ञा. तिची सिद्धता त्याच्या ग्रंथातील निरनिराळ्या भाषांतील रचनांमध्ये आहे. आज तुमच्या हाती पडणारे प्रशस्तिपत्र हेही नारळच आहे, असे मी म्हणेन.

दोन भाषा बोलता येणे हे बंगळुरात विशेष मानले जात नाही. घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि कचेरीत तिसरी, हा येथील नित्याचा क्रम आहे. भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांतील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून घरात मराठी बोलत आली आहेत. परंतु बोलणे जन्माने मिळते. अक्षर मात्र कमवावे लागते. जी भाषा घरात केवळ बोलली जाते आणि लिहिली जात नाही, तिची शब्दसंपत्ती स्वयंपाकघर, देवघर आणि नातीगोती यांपुरती आक्रसत जाते. नातवाला आजीची भाषा समजते. आजीचे जुने पत्र मात्र वाचता येत नाही. त्या घरातील मराठी तेथेच एक पायरी खाली उतरलेली असते.

व्यवस्था या बाबतीत काय करते? आपल्या संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, असे ते सांगते. पण ते प्राथमिक शिक्षणाविषयी बोलते, हायस्कूलविषयी नव्हे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड शिकविणे आवश्यक झाले, आणि ज्या भूमीचे अन्न आपण खातो तिची भाषा शिकणे योग्यच आहे. राज्याच्या शालान्त परीक्षेत मराठी प्रथम भाषा म्हणून घेण्याची सोयही आहे. बेळगाव-निपाणीकडे तिचा लाभ घेणारी मुले पुष्कळ. बंगळुरात मात्र मराठी बहुधा उंबरठ्याच्या आतच राहते.

त्यामुळे येथे एक विलक्षण गोष्ट घडते. मराठी घरातील अनेक मुलांना देवनागरी लिपी भेटते ती हिंदीच्या तासाला. त्या तासाला ‘ळ’ शिकविला जात नाही. घरात बाळ, डोळा, केळे हे शब्द दिवसभर कानांवर पडतात, कन्नडच्या वर्गात ‘ळ’ रोज लिहिला जातो. पण मराठीतला ‘ळ’ कागदावर कसा उमटतो, हे त्या मुलाला कोणी दाखविलेले नसते. ते अक्षर ज्यांनी शाळेबाहेर, सुटीच्या दिवशी बसून गिरविले, त्यांचे श्रम गुणपत्रिकेवर कोठेही नोंदले जात नाहीत.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये मतदारांनी कौल देऊन शाळांतील द्विभाषिक शिक्षणावर मोठे निर्बंध घातले. मुलांच्या घरच्या भाषा म्हणजे इंग्रजीच्या वाटेतील अडथळा, अशी ती समजूत होती. त्याच राज्याने २०११ मध्ये कायदा करून ‘सील ऑफ बायलिटरसी’ ही मुद्रा निर्माण केली. हायस्कूल संपविताना इंग्रजी आणि आणखी एक भाषा यांत प्रावीण्य सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदविकेवर ती उमटविली जाते. पुढे इतर राज्यांनीही हा मार्ग स्वीकारला, आणि १९९८ चे बहुतेक निर्बंध २०१६ च्या कौलाने दूर झाले. तेथील मराठी शाळांत शिकलेल्या मुलांनीही मराठीच्या बळावर हा मान मिळविला आहे. घरी बोलली जाणारी भाषा ही उणीव नसून मिळकत आहे, असे शाळेने लेखी मान्य करणे, हे त्या मुद्रेचे मोल होय.

आपल्याकडे भाषांच्या परीक्षा कमी नाहीत. प्रथम भाषेला १२५ गुण, द्वितीय भाषेला १००. परंतु प्रत्येक भाषेची उत्तरपत्रिका स्वतंत्र बांधली जाते, आणि एकीतील अर्थ दुसरीत नेता येतो काय, हे फारसे कोणी विचारीत नाही. वास्तविक दोन भाषांचा खरा कस त्या मधल्या वाटेवरच लागतो. हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी. कन्नडमध्ये ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान. कादंबरीला मात्र मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कादंबरीच म्हणतात. मराठीत ‘ताई’ ही थोरली बहीण, कन्नडमध्ये ‘तायि’ ही आई. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द आपण कन्नडकडून घेतले आणि आपलेच मानले. दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणाऱ्यालाच या देवघेवीचा हिशेब नीट लागतो.

या वाटेने गेलेली माणसे आपल्यासमोर आहेत. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत. कन्नड कवितेसाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. याच बंगळुरात राहिलेल्या मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची घरची भाषा तमिळ; १९८३ चा ज्ञानपीठ त्यांना कन्नड कादंबरीसाठी मिळाला. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि त्या ते ऐकून मराठीत उतरवीत. कानाने मिळविलेली भाषा किती खोल असू शकते, याचा हा पुरावा आहे. पण तेथेही कोणीतरी अक्षरे वाचणारा शेजारी होताच. घरोघर असा शेजारी मिळत नाही. म्हणून कान आणि अक्षर ही दोन्ही एकाच माणसापाशी असणे हिताचे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की मुलाशी मराठी बोलता तशी ती त्याच्याकडून लिहवूनही घ्या. शिक्षकांना विनंती अशी, की वर्गात कोणाच्या घरी कोणती भाषा आहे, हे एकदा विचारा. मुलाने घरातली एखादी गोष्ट कन्नडमध्ये लिहून आणली, तर तीही कन्नडचाच अभ्यास समजा.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढल्या वर्षी तुमचे विषय बदलतील, एखादी भाषा सुटेलही. पुरस्कार मिळालेली भाषा न वापरल्यास तीही गंजते. घरातील वडीलधाऱ्यांकडून एक हकीकत ऐका, ती मराठीत लिहून काढा आणि तुमच्या शेजारच्या बाकावरील मित्राला कळेल अशा कन्नडमध्ये पुन्हा लिहा. दोन्ही कागद दोन्ही घरांत वाचले गेले, म्हणजे हा पुरस्कार तुम्ही खऱ्या अर्थाने मिळविलात, असे मी समजेन.